कर्करोगानंतरचे ‘धुके’ : विसरभोळेपणा नव्हे, थकलेल्या मेंदूची जास्तीची मेहनत

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की चार, हे आठवत नाही. दूध तापत ठेवून दाराशी आलेल्या कुरिअरवाल्याशी दोन शब्द बोलावेत आणि परत येईपर्यंत दूध उतू गेलेले असावे. शेजारणीचे नाव जिभेवर येऊन अडावे. बँकेतील अर्ज तिसऱ्यांदा वाचूनही कोणत्या रकान्यात काय लिहायचे ते उमगू नये. अशा गोष्टी प्रत्येकाच्याच हातून कधी ना कधी घडतात. परंतु केमोथेरपीची शेवटची फेरी होऊन सहा महिने लोटले आहेत, अहवाल चांगले आहेत, डोक्यावर केस पुन्हा आले आहेत, घरचे म्हणतात, ‘झालं, आता सगळं पूर्वीसारखं’, आणि नेमक्या त्याच वेळी या घटना दररोज घडू लागल्या, तर त्या व्यक्तीच्या मनात एक भीती घर करते. आजार पुन्हा तर आला नाही ना? की बुद्धीच चालली?

बहुतेक वेळा या दोन्ही शंकांचे उत्तर ‘नाही’ असे असते. वैद्यकशास्त्र या अवस्थेला कर्करोगाशी संबंधित बोधात्मक अडचणी असे म्हणते. रुग्णांनी मात्र तिला फार पूर्वीच ‘केमो ब्रेन’ हे नाव देऊन टाकले होते. डॉक्टरांनी ती गांभीर्याने घ्यायला बराच काळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १४ लाख १३ हजार नव्या रुग्णांचे निदान झाले आणि मागील पाच वर्षांत निदान होऊन हयात असलेल्यांची संख्या ३२ लाखांहून अधिक होती. उपचार सुधारत आहेत, तसतशी ही संख्या वाढत जाणार आहे. आजारातून वाचलेल्या या लोकांना पुन्हा स्वयंपाकघरात, वर्गात, दुकानाच्या गल्ल्यावर आणि कार्यालयाच्या टेबलाशी बसायचे आहे. त्यांच्या अडचणीचे स्वरूप समजून घेणे ही म्हणूनच केवळ रुग्णालयाची बाब राहत नाही.

जुळ्या बहिणींनी दाखवलेली गोष्ट

२००७ साली अमेरिकेतील डार्टमथ येथील संशोधकांनी साठ वर्षे वयाच्या दोन एकसारख्या जुळ्या बहिणींची तपासणी प्रसिद्ध केली. एकीला स्तनाचा कर्करोग होऊन केमोथेरपी झाली होती, दुसरीला आजारच नव्हता. स्मरणशक्ती आणि एकाग्रतेच्या नेहमीच्या चाचण्यांत दोघींमध्ये फारसा फरक दिसला नाही. मात्र उपचार घेतलेली बहीण आपल्याला पूर्वीसारखे जमत नाही असे सांगत होती. एमआरआय यंत्रात दोघींना एकच मानसिक काम करायला दिले, तेव्हा तिच्या म्हणण्यामागचे कारण पडद्यावर उमटले. तेच काम करण्यासाठी तिच्या मेंदूचा बराच मोठा भाग कामाला लागत होता.

एका जोडीवरून सार्वत्रिक नियम काढता येत नाही. पण या एका चित्राने असंख्य रुग्णांचा अनुभव नेमका पकडला आहे. चाचणीच्या खोलीत, शांततेत, अर्धा तास मन लावून बसले की सगळे जमते. डॉक्टर म्हणतात, ‘सर्व काही सामान्य आहे.’ घरी आल्यावर मात्र एकीकडे फोन वाजतो, दुसरीकडे फोडणी करपू लागते, तिसरीकडे मुलगा गणित विचारतो, आणि संध्याकाळपर्यंत डोके जड होऊन जाते. काम होते, पण त्याची किंमत जास्त पडते. ही अडचण स्मृतिभ्रंशापेक्षा वेगळी आहे ती इथेच. स्मृतिभ्रंशात आठवण साठवणेच ढासळत जाते आणि अनेकदा स्वतःला त्याची जाणीव राहत नाही. इथे आठवण बहुधा असते, ती बाहेर यायला वेळ लागतो. जाणीव तर नको इतकी तीव्र असते.

या लेखातील पुढचे सगळे उपाय एका साध्या हिशेबावर उभे आहेत. मेंदूला जर प्रत्येक कामासाठी जास्त श्रम पडत असतील, तर ते श्रम कुठे खर्च करायचे आणि कुठे वाचवायचे, हे ठरवावे लागते.

कारण एकच नाही

‘केमो ब्रेन’ हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. शस्त्रक्रिया, किरणोपचार, टॅमॉक्सिफेनसारखी संप्रेरकांवर काम करणारी औषधे, पुरुषांमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी टेस्टोस्टेरॉन कमी करणारे उपचार, या सर्वांनंतर अशा तक्रारी आढळतात. काही रुग्णांच्या चाचण्यांमध्ये तर उपचार सुरू होण्याआधीच घट दिसते. म्हणजे आजार स्वतः, त्याने शरीरात उठवलेला दाह आणि निदानाचा धक्का यांचाही वाटा असतो.

केमोथेरपीची बरीच औषधे मेंदूभोवतीच्या संरक्षक पडद्यातून फारशी आत जात नाहीत. तरीही शरीरात निर्माण होणारी दाहकारक रसायने मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात मिशेल मोंजे यांच्या गटाने उंदरांवर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेथोट्रेक्झेट या औषधामुळे मेंदूतील ‘मायक्रोग्लिया’ नावाच्या संरक्षक पेशी दीर्घकाळ उत्तेजित राहतात आणि त्यामुळे चेतातंतूंवरील आवरणाची देखभाल बिघडते, असे आढळले. वायर तुटलेली नसते, तिच्यावरचे आवरण विरळ झालेले असते. संदेश जातो, पण सावकाश. स्त्रियांमध्ये उपचारांमुळे अकाली आलेली रजोनिवृत्ती, रात्री घामाने होणारी जाग आणि अपुरी झोप यांची त्यात भर पडते.

हे किती जणांना होते? अमेरिकेतील ५८१ स्तनकर्करोग रुग्ण आणि ३६४ निरोगी स्त्रिया यांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. केमोथेरपीपूर्वीच्या तुलनेत उपचार संपल्यानंतर सहा महिन्यांनी आपली बौद्धिक क्षमता लक्षणीय घटल्याचे ३६.५ टक्के रुग्णांनी नोंदवले. निरोगी गटात हे प्रमाण १३.६ टक्के होते. बहुतेकांची स्थिती एक-दोन वर्षांत सुधारत जाते. पण सर्वांची नाही. नेदरलँड्समध्ये जुन्या पद्धतीची केमोथेरपी घेतलेल्या १९६ स्त्रियांची सरासरी एकवीस वर्षांनंतर तपासणी झाली, तेव्हा शब्द लक्षात ठेवणे आणि माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग यांत त्या कर्करोग न झालेल्या स्त्रियांपेक्षा थोड्या मागे होत्या. फरक सूक्ष्म होता, पण होता.

आधी जे दुरुस्त होऊ शकते ते

कोणत्याही युक्त्या शिकण्याआधी एक काम करायचे असते, आणि आपल्याकडे नेमके तेच राहून जाते. विसरण्याची तक्रार ‘आता हे असंच’ म्हणून स्वीकारली जाते. वस्तुतः तिच्यामागे सहज बरी होणारी कारणे असू शकतात. रक्तक्षय हे पहिले. थायरॉइडची कमतरता हे दुसरे. मानेवर किरणोपचार झालेल्यांमध्ये आणि इम्युनोथेरपी घेतलेल्यांमध्ये ती विशेष शोधावी लागते. जीवनसत्त्व बी-१२ चा अभाव शाकाहारी घरांत, जठराच्या शस्त्रक्रियेनंतर आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आढळतो. नैराश्य आणि चिंता यांतही एकाग्रता पार कोलमडते, आणि त्यांवर उपचार आहेत.

औषधांची पिशवी तर एकदा डॉक्टरांसमोर पूर्ण रिकामी करायलाच हवी. रुग्णालयात असताना झोपेसाठी सुरू झालेली गोळी, ॲलर्जी होऊ नये म्हणून दिलेले जुन्या पिढीचे औषध, हातापायांच्या मुंग्यांसाठीचे प्रीगाबालिन किंवा गाबापेन्टिन, तीव्र वेदनाशामके यांपैकी कोणतेही डोक्यावर झापड आणू शकते. त्यांतले एखादे आता गरजेचे नसूनही सवयीने चालू असते. ते स्वतःहून बंद करू नये. काही गोळ्या एकदम थांबवणे धोक्याचे ठरते. पण विचारावे जरूर. ‘बुद्धिवर्धक’ म्हणून घेतल्या जाणाऱ्या चूर्णांचेही तसेच. अश्वगंधेसारख्या परिचित वनौषधीमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत, त्यामुळे पिशवीत तिचाही डबा असू द्यावा.

डॉक्टरांना सांगताना ‘हल्ली विसरायला होतं’ एवढे वाक्य पुरत नाही. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात ते हवेत विरून जाते. त्यापेक्षा दोन आठवडे एका वहीत रोज एक-दोन ओळी लिहाव्यात: काय घडले, किती वाजता, आदल्या रात्री झोप किती झाली, त्या वेळी आजूबाजूला काय चालले होते. ‘मंगळवारी दुपारी चार वाजता, टीव्ही चालू असताना, किराण्याची बेरीज तीनदा चुकली’ ही नोंद डॉक्टरांना पुष्कळ काही सांगते. ती लिहिणाऱ्यालाही सांगते. बहुतेकांना पंधरा दिवसांत कळून येते की चुका दिवसभर सारख्या विखुरलेल्या नसतात. ठरावीक वेळी आणि ठरावीक गोंगाटात त्या गोळा होतात.

चाचणीच्या भाषेचा मुद्दा महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावा. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बेंगळुरूला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला माणूस व्यवहारात दोन-तीन भाषा सहज बोलतो. परंतु शब्द आठवण्याची परीक्षा त्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या भाषेत घेतली, तर उणीव मेंदूची की भाषेची हे ठरवणे कठीण होते. शक्य असेल तर ज्या भाषेत तो हिशेब करतो आणि मुलांना रागावतो, त्या भाषेत चाचणी व्हावी, अशी विनंती करण्यात गैर काही नाही. शिवाय स्मृतिभ्रंश शोधण्यासाठी बनवलेल्या छोट्या चाचण्यांत या रुग्णांची सूक्ष्म अडचण अनेकदा सुटून जाते. अडचण नोकरीवर परिणाम करण्याइतकी असेल, तर मानसशास्त्रीय चाचण्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाकडून सविस्तर तपासणी करून घ्यावी. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने भारतीय रुग्णांसाठी अशा चाचण्यांचा संच तयार केलेला आहे.

डोक्यातला भार भिंतीवर

घरातील व्यवस्थेचे तत्त्व सोपे आहे: जे डोक्याबाहेर ठेवता येते ते डोक्यात ठेवू नये. मराठी घरांना ही पद्धत काही नवी नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब, गॅसची टाकी लावल्याची तारीख आणि मोलकरणीचे खाडे लिहिण्याची चाल कितीतरी घरांत आहे. आजारातून उठलेल्या माणसाने तिचाच विस्तार करायचा असतो. तपासणीची तारीख, विजेचे बिल, कोणाला फोन करायचा, सारे तिथेच. एक दिनदर्शिका आणि एक वही, इतकेच. चार कागदांवर, मोबाईलच्या तीन ॲपमध्ये आणि पाकिटाच्या पाठीवर विखुरलेल्या नोंदी शोधण्यातच अर्धी शक्ती जाते. किल्ल्या, चष्मा, मोबाईल आणि रुग्णालयाची फाईल यांच्या जागा ठरवून घ्याव्यात आणि घरातील इतरांनीही त्या हलवू नयेत. हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड असतो.

स्वयंपाकघराकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण आत्मविश्वास सर्वांत आधी तिथे गळतो. तीस वर्षे जिने अंदाजाने पंचवीस माणसांचा स्वयंपाक केला तिला वरणात मीठ घातले की नाही हे आठवू नये, यातली खंत चाचणीच्या गुणांत मोजता येत नाही. शिट्ट्या मोजण्याऐवजी पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करून घड्याळाचा गजर लावावा. मोजण्याचे काम घड्याळाचे. मीठ घातले की मिठाचा डबा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सरकवावा. डबा तिकडे आहे म्हणजे मीठ पडले आहे. दूध तापत असताना तिथून हलायचेच नाही, हलावे लागले तर आधी गॅस बंद. एका वेळी एकच शेगडी पेटलेली ठेवली तर स्वयंपाकाला वीस मिनिटे जास्त लागतील, ती लागू द्यावीत.

याच्या जोडीला एक युक्ती आहे, जी ऐकायला पोरकट वाटते. करत असलेली कृती मोठ्याने उच्चारणे: ‘गॅस बंद केला’, ‘दाराला कुलूप लावलं’, ‘चष्मा टीव्हीवर ठेवला’. हात सवयीने चालतात, तेव्हा लक्ष दुसरीकडे असते आणि आठवण मुळी तयारच होत नाही. उच्चारामुळे लक्ष त्या क्षणी परत येते. जुळ्या बहिणींचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट फर्ग्युसन यांनीच पुढे स्मरण आणि अवधान यांच्याशी जुळवून घेण्याचे एक प्रशिक्षण विकसित केले, त्यात स्वतःला अशा सूचना देण्याच्या तंत्राचा समावेश आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४७ स्त्रियांपैकी ज्यांना हे प्रशिक्षण व्हिडिओ कॉलवरून मिळाले, त्यांच्या तक्रारी केवळ मानसिक आधार मिळालेल्या गटापेक्षा कमी झाल्या. संख्या लहान आहे. पण गावात तज्ज्ञ नसला तरी हे काम दूरवरून होऊ शकते, ही बाब आपल्या देशासाठी महत्त्वाची आहे.

शब्द अडला तर त्याच्याशी झटापट करू नये. जितका जोर लावावा तितका तो आत जातो. वर्णन करून पुढे जावे, किंवा तोच शब्द दुसऱ्या भाषेत आठवत असेल तर बिनदिक्कत वापरावा. अनेक भाषांत वावरणाऱ्यांना ही एक जास्तीची वाट उपलब्ध असते.

जिथे चूक महाग पडते

मीठ दोनदा पडले तर वरण खारट होते. औषध दोनदा घेतले तर प्रकरण गंभीर होते. आता कर्करोगावरील बरीच औषधे तोंडाने, घरीच घ्यायची असतात. कॅपेसिटाबिन हे औषध अनेकदा चौदा दिवस रोज दोन वेळा घेऊन पुढचे सात दिवस थांबवायचे असते आणि जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायचे असते. ज्याला आज सकाळचे आठवत नाही त्याच्यावर असे वेळापत्रक डोक्यात ठेवण्याचा भार टाकणे योग्य नाही. सात दिवसांचे, सकाळ-संध्याकाळचे कप्पे असलेली डबी औषधांच्या दुकानात मिळते. मात्र कोणते औषध मूळ पाकिटातून काढून डबीत ठेवलेले चालते, हे आधी औषधविक्रेत्याला विचारावे. आठवड्यातून एकदा घरातील दुसऱ्या व्यक्तीसोबत बसून डबी भरावी आणि थांबण्याचे सात दिवस दिनदर्शिकेवर लाल रेघेने खोडून ठेवावेत. गोळी घेतली की नाही याची शंका आली, तर ‘घेऊनच टाकू’ असे कधीही करू नये. डबीचा कप्पा पाहावा. तरीही उलगडा झाला नाही, तर रुग्णालयाला फोन करून विचारावे.

दुसरे क्षेत्र पैशांचे. फसवणूक करणारे लोक फोनवर घाई करतात, एकामागून एक आकडे सांगतात, विचार करायला उसंत देत नाहीत. मंदावलेल्या मेंदूला नेमका हाच हल्ला पेलत नाही, आणि सुशिक्षित, हुशार माणसेही त्यात सापडतात. यासाठी एकच नियम पाळावा: फोन चालू असताना कोणताही व्यवहार करायचा नाही, ओटीपी सांगायचा नाही. मोबाईलवरून पैसे पाठवण्याची दैनंदिन मर्यादा कमी करून घ्यावी. फसवणूक झालीच तर शरमेने गप्प न बसता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तातडीने कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.

वाहन चालवणे हा तिसरा आणि घरोघरी वादाचा विषय. नेहमीच्या रस्त्यावर वळण चुकत असेल, सिग्नल उशिरा लक्षात येत असेल, तर स्कूटर काही आठवडे उभी राहू द्यावी आणि डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करावी.

कामावर परतताना

कार्यालयात अडचण अधिक टोचते, कारण तिथे ती लपवावी लागते असे वाटते. शिक्षिकेला विद्यार्थ्यांची नावे आठवत नाहीत. लेखापालाला एरवी तासात होणाऱ्या ताळेबंदाला सकाळभर लागते. पुष्कळजण कारण न सांगताच राजीनामा देतात किंवा बढती नाकारतात. हे नुकसान टाळता येण्यासारखे असते. शक्य असेल तिथे पहिले काही आठवडे अर्धा वेळ काम मागावे. सर्वांत अवघड काम सकाळी, ताज्या डोक्याने करावे. पत्रव्यवहार आणि फायली लावणे दुपारनंतर. तोंडी सूचना मिळाली की ‘आपण सांगितल्याप्रमाणे मी हे तीन मुद्दे करत आहे’ असा छोटा ईमेल लगेच पाठवावा; चूक तिथल्या तिथे उघड होते आणि नोंदही राहते. दर तासाला पाच मिनिटे उठावे.

साहेबांना किती सांगायचे, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या कार्यालयाची हवा पाहून सोडवायचा आहे. ‘मला केमो ब्रेन आहे’ म्हणण्यापेक्षा ‘उपचारांनंतर काही महिने मला सूचना लेखी मिळाल्या तर काम नीट होईल’ असे सांगणे बहुधा सोपे जाते. त्यात आजाराची चर्चा होत नाही, केवळ गरज कळते. डॉक्टरांचे पत्र जोडलेले असले तर उत्तम.

घरच्यांचे बोलणे

‘अगं आई, आत्ताच तर सांगितलं तुला!’ हे वाक्य प्रेमाच्या घरांतही रोज उच्चारले जाते. त्यात दुष्टपणा नसतो. पण ज्याला आपण विसरतो हे आधीच माहीत आहे, त्याच्यासाठी ते दिवसातले दहावे टोचणे असते. तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला पाच सेकंद लागतात. ‘सांगा बरं बाबा, काल रात्री काय जेवलात?’ अशा परीक्षाही घेऊ नयेत. वाक्य अडले की ते पुरे करून टाकण्याची घाई टाळावी. स्वयंपाकघरात पाठीमागून बोलण्याऐवजी समोर येऊन, टीव्ही बंद करून, एका वेळी एकच गोष्ट सांगावी.

याउलट सर्वच कामे हातातून काढून घेणेही बरे नाही. ‘तू बस, आम्ही करतो’ हे सुरुवातीला सुखावते, नंतर त्यातून आपण निकामी झालो हा समज पक्का होतो. कोणते काम सोडायचे आणि कोणते सावकाश का होईना स्वतः करायचे, हे त्या व्यक्तीने ठरवावे. पतीच्या किंवा सासूच्या मनात ‘ही कामे टाळते’ अशी शंका असेल, तर पुढच्या तपासणीला त्यांनाही सोबत न्यावे. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले अनेकदा जास्त पटते, हा आपल्या समाजाचा अनुभव आहे.

व्यायाम, कोडी आणि गोळ्या

मेंदूसाठी काय करावे, असे विचारले की लोक शब्दकोडी आणि सुडोकू सुचवतात. ती आनंदाने सोडवावीत, पण सुडोकूच्या सरावाने मुख्यतः सुडोकूच सुधारतो. संगणकावरील प्रशिक्षणाचा एक मोठा अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २४२ जण होते, आणि घरबसल्या पंधरा आठवडे प्रशिक्षण घेतलेल्यांच्या तक्रारी इतरांपेक्षा कमी झाल्या. चाचण्यांच्या गुणांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. माणसाला बरे वाटले, हेही काही कमी नाही. तथापि महागड्या ॲपची वर्गणी भरण्याआधी एवढे माहीत असावे.

चालण्याच्या बाजूने पुरावा वाढत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील अभ्यासात ८७ स्त्रियांपैकी बारा आठवडे नियमित व्यायाम केलेल्यांचा माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग सुधारला, आणि निदान होऊन दोन वर्षे न झालेल्यांत हा फायदा अधिक दिसला. व्यायामाने झोप आणि मनःस्थितीही सुधारते, त्यामुळे तो तिहेरी उपयोगाचा ठरतो. दम लागला तरी बोलता येईल इतक्या वेगाने, दहा मिनिटांपासून सुरुवात पुरेशी आहे.

औषधांबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. स्मृतिभ्रंशात वापरले जाणारे डोनेपेझिल स्तनकर्करोगातून सावरलेल्या स्त्रियांना दिले गेले, पण अलीकडच्या मोठ्या चाचणीत ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. निवडक रुग्णांना तज्ज्ञ काही उत्तेजक औषधे देतात, तीही इतर उपाय अपुरे पडल्यावरच. मेंदूवर किरणोपचार होणार असलेल्यांसाठी मात्र आधीच विचारण्यासारखा एक प्रश्न आहे. आठवणींशी संबंधित ‘हिप्पोकॅम्पस’ हा भाग वाचवून किरण देण्याची पद्धत आता उपलब्ध आहे, आणि ५१८ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत तिच्यामुळे बौद्धिक घट होण्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला. ती प्रत्येकाला लागू पडत नाही, पण उपचार ठरवताना तिच्याविषयी विचारायला हवे.

लहानपणी रक्ताच्या किंवा मेंदूच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या मुलांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांच्यात अडचण काही वर्षांनी, अभ्यास अवघड होऊ लागल्यावर उघड होते, आणि तोपर्यंत शाळेला जुना आजार ठाऊकही नसतो. पाचवी-सहावीत अचानक गुण घसरले तर पालकांनी ‘आळशी झाला’ म्हणण्याआधी मूळ रुग्णालयाच्या पाठपुरावा विभागाकडे जावे.

निराशा दाटून येत असेल, झोप उडाली असेल, तर टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र निःशुल्क उपलब्ध असून तिथे अनेक भारतीय भाषांतून बोलता येते.

काही लक्षणांसाठी मात्र ना वही लिहीत बसायचे, ना पुढच्या तारखेची वाट पाहायची. एकाएकी आलेला गोंधळ, वेळ-ठिकाणाचे भान जाणे, बोलणे अडखळणे, शरीराच्या एका बाजूला अशक्तपणा, झटके, उलट्यांसह असह्य डोकेदुखी किंवा तापासोबत बरळणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. आणि अडचण महिन्यागणिक कमी होण्याऐवजी वाढतच चालली असेल, तर तेही ‘धुके’ म्हणून सोडून देऊ नये. ती वही घेऊन ठरलेल्या तारखेच्या आधीच डॉक्टरांकडे जावे.